हिरवं वाक्य

"हे कारण नाही," मी म्हणाले.

"आहे," हुपरीकर साहेब म्हणाले.

"कुठे आहे? दाखवा मला."

त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक स्क्रीनवरच्या ओळीवर टेकवलं. "हे काय. 'वादीचे हे म्हणणे न्यायालयास पटत नाही.' दावा का फेटाळला? म्हणणं पटलं नाही म्हणून. म्हणजे हे कारण झालं. हिरवं."

"आणि पटलं का नाही?"

"तो पुढचा प्रश्न."

"तोच तर प्रश्न आहे, सर!"

माझा आवाज इतका चढला होता की काचेच्या खोलीबाहेर बसलेली दोन-तीन डोकी वर झाली. हुपरीकर साहेबांनी मात्र चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि एखाद्या वकिलाला तारीख द्यावी तसं शांतपणे म्हणाले, "शिंत्रे बाई, आवाज वाढला म्हणून मुद्दा वाढत नाही."

ही गोष्ट पुण्यातली, बाणेर रस्त्यावरच्या एका कंपनीतली. जर्मनीतल्या एका विद्यापीठाला असा प्रोग्राम तयार करायचा होता, की जो कोर्टाचं निकालपत्र वाचून सांगेल, न्यायाधीशाने कशावरून काय ठरवलं, कुठे त्याचा युक्तिवाद भक्कम आहे आणि कुठे पोकळ. पण मशीनला हे शिकवायचं तर आधी माणसांनी हजारो वाक्यं वाचून त्यांवर खुणा करून द्यायला हव्यात. कोर्ट कायद्याचा नियम सांगत असेल तर निळी खूण, कारण देत असेल तर हिरवी, नुसता निष्कर्ष काढत असेल तर तांबडी. पुण्यात जर्मन शिकलेल्यांना तोटा नाही, त्यामुळे हे काम आमच्याकडे आलं. मी गडहिंग्लजची. जर्मन घेऊन बी.ए. झाले, वरच्या परीक्षा दिल्या आणि भाषांतरं करत करत इथे पोहोचले.

हुपरीकर साहेब निवृत्त जिल्हा न्यायाधीश. मुलगी श्टुटगार्टला, जावई जर्मन, आणि नातवंडांना मराठीचा गंध नाही. म्हणून निवृत्तीनंतर हे गृहस्थ कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर बसून जर्मन शिकले. "नातवाशी नीट भांडता यावं, एवढीच इच्छा," असं सांगायचे. त्यांचं जर्मन व्याकरणाच्या पुस्तकातून इस्त्री करून काढल्यासारखं होतं. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, पण त्यांना मात्र सगळे साहेब म्हणायचे. मी सर म्हणायचे, आणि ते मला शिंत्रे बाई.

कामाची पद्धत अशी होती की एक निकालपत्र दोघांनी वाचायचं, वेगवेगळं, एकमेकांना न विचारता. मग गुरुवारी जिथे जिथे खुणा जुळल्या नाहीत त्या वाक्यांवर बोलायचं. पटलं तर एकाने आपली खूण बदलायची. नाही पटलं तर दोन्ही खुणा तशाच ठेवायच्या आणि पुढे 'मतभेद' असं लिहायचं. विद्यापीठाने पाठवलेल्या नियमांतच हे होतं.

ज्या वाक्यावरून त्या गुरुवारी आमची जुंपली, ते एका वृद्धाश्रमातल्या बाईच्या खटल्यातलं. जर्मन निकालपत्रांत नावं काढून टाकलेली असतात, त्यामुळे ती फक्त 'वादी'. रात्रपाळीला होती. एक आजोबा पलंगावरून पडले, घंटी वाजवत राहिले, ही पोहोचली नाही. संस्थेने तिला कामावरून काढलं. तिचं म्हणणं असं की, दोन मजल्यांवर मी एकटी होते, आणि एकटीला झेपणार नाही हे मी आदल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगितलं होतं. वरिष्ठ म्हणाल्या, असं काही सांगितलं नव्हतं. आणि कोर्ट म्हणालं, वादीचे हे म्हणणे न्यायालयास पटत नाही. बस्स. पुढे थेट खर्चाचा आदेश.

जर्मन कोर्टाची लिहिण्याची एक रीत आहे. आधी निष्कर्ष सांगतात आणि लगेच 'डेन' म्हणून का ते सांगतात. डेन म्हणजे 'कारण की'. ही निकालपत्रं वाचून वाचून माझी नजर त्या डेनची वाट बघायला शिकली होती. या वाक्यापुढे मी तो शोधला. मागे शोधला. वादीच्या म्हणण्यात विसंगती होती म्हणावं, तर तसं लिहिलेलं नव्हतं. वरिष्ठ बाईंची साक्ष जास्त भरवशाची वाटली म्हणावं, तर तेही नव्हतं. मी त्या वाक्यावर तांबडी खूण केली.

"साक्षीदार समोर उभा असतो, शिंत्रे बाई," साहेब म्हणाले. "त्याचा चेहरा, अडखळणं, नजर चुकवणं, हे सगळं न्यायाधीश बघतो. तुम्ही-आम्ही कागद बघतो. त्याला पटलं नाही हीच गोष्ट पुराव्याचा भाग असते."

"मग ती अडखळली असं लिहावं. नजर चुकवली असं लिहावं. तिला कळू तरी दे, कशापायी आपली नोकरी गेली."

"प्रत्येक गोष्ट लिहीत बसला तर कोर्ट चालायचं नाही."

"आणि ही खूण बघून मशीन काय शिकेल? 'पटत नाही' म्हटलं की कारण दिलं, असंच ना? उद्या कोणी विचारलं, या बाईला न्याय कारणं देऊन मिळाला का, तर ते हिरवा दिवा लावून मोकळं होईल."

त्यांनी मानलं नाही. मीही मानलं नाही. खोलीत आमचा प्रोजेक्ट हेड ऋतुराज बर्वे बसला होता, लॅपटॉपमध्ये डोकं घालून. तो म्हणाला, "ठीक आहे, मतभेद लिहा आणि पुढे चला." मी त्याच्यासमोर 'मतभेद' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं.

"हेमांगी, बस. चहा घेणार?"

ऋतुराजने चहा विचारला की समजावं, काहीतरी गळ्यात पडणार आहे. माणूस गोड होता, हसतमुख, सगळ्यांच्या वाढदिवसांना केक आणणारा. त्याला जर्मन 'गुटेन टाग'च्या पुढे येत नव्हतं, आणि त्याची अडचण त्याला कधी वाटली नाही.

"हे बघ," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या डॉक्टर लिंडेमान येतायत. पुढचा टप्पा आपल्याला द्यायचा की नाही, हे त्या बघून ठरवणार. आणि तुझं नि साहेबांचं जुळतच नाही. बाकीच्या जोड्या बघ, कशा मस्त जुळतात."

"बाकीचे जेवताना एकमेकांना विचारून घेतात, म्हणून जुळतात."

त्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "अगं, साहेबांनी आयुष्यभर निकाल लिहिलेत. तू भाषा शिकलीयस. कायद्याच्या बाबतीत त्यांचं जास्त बरोबर असणार ना?"

"मग मला कशाला ठेवलंय?"

"तसं नाही. थोडं जुळवून घ्यायचं म्हणतोय."

"कोणतं वाक्य ते सांग. मला पटवून दे, मी बदलते."

"मला कुठे जर्मन येतं!" तो हसला.

"मग राहू दे."

तो पुन्हा हसला आणि हात वर करून म्हणाला, "बरं बाई, राहू दे." मला वाटलं, विषय संपला.

डॉक्टर लिंडेमान आल्या त्या दिवशी ऑफिस लखलखत होतं. दारात रांगोळी, टेबलावर काजूकतली, रिसेप्शनच्या मुलीने नेसलेली पैठणी. पन्नाशीच्या, उंच, आखूड केसांच्या बाई. पायांत चालण्याचे बूट. आल्या आल्या त्यांनी आम्हा वाचकांशी जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली आणि आमचं जर्मन ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं. हुपरीकर साहेबांशी त्यांचं छान जमलं. नातवाशी भांडण्याची गोष्ट ऐकून त्या मनापासून हसल्या.

मग मोठ्या स्क्रीनवर ऋतुराजने काम दाखवायला घेतलं. कोणत्या जोडीच्या खुणा किती जुळतात याचा तक्ता आला. आमच्या जोडीचा आकडा इतका वर होता की मी साहेबांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडेच पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांचा चेहरा तसाच असायचा.

डॉक्टर बाई इंग्रजीत म्हणाल्या, "एखादं निकालपत्र उघडून बघू या का? लहानसं, कामगार न्यायालयातलं."

ऋतुराजने जे हाताला लागलं ते उघडलं. जर्मन येत असतं तर त्याने ते उघडलं नसतं.

डॉक्टर बाई वाचू लागल्या. शेवटाकडे आल्या आणि थांबल्या. पुढे वाकल्या. "हे वाक्य गमतीचं आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं इथे वाद होईल. पण दोघांनीही 'कारण' म्हटलंय. दुसरे वाचक कोण?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही कसा विचार केलात, ते ऐकायला आवडेल मला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. 'वादीचे हे म्हणणे न्यायालयास पटत नाही.' शेजारी दोन चौकोन. पहिला वाचक, हिरवा. दुसरा वाचक, हिरवा. 'मतभेद' हा शब्द नव्हताच.

 कोणी आपलं नाव घेऊन आपल्या तोंडून भलतंच वदवलं तर कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. आणि वर मलाच विचारत होते, सांगा बाई, कसा विचार केलात! ऋतुराज टेबलापलीकडून मान हलवत होता, हसत होता, सांग की काहीतरी, असं डोळ्यांनी म्हणत होता. खरंच, काहीही सांगता आलं असतं. साहेबांचाच मुद्दा म्हणून दाखवला असता तरी बाई समाधानाने पुढच्या पानावर गेल्या असत्या.

"मी असा विचार केलेला नाही," मी जर्मनमध्ये म्हणाले. "ही खूण माझी नाही. माझी तांबडी होती. ती कोणीतरी बदलली आहे."

 ज्यांना जर्मन येत होतं ते आपापल्या कपांत बघू लागले. ऋतुराजला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला.

"काय म्हणाली?" तो साहेबांकडे वळून हळूच म्हणाला. "साहेब, जरा सांभाळून घ्या." आणि डॉक्टर बाईंना इंग्रजीत, हसत, "थोडा गोंधळ झालाय. हिनेच गेल्या आठवड्यात खूण बदलली होती. कामाच्या गडबडीत विसरली असेल."

"मी विसरलेले नाही!" हे मराठीत निघालं, आणि मोठ्याने.

"हेमांगी, नंतर बोलू ना आपण."

"नंतर कशाला? सगळ्यांसमोर मला विसराळू ठरवलंस, आता सगळ्यांसमोरच बोल."

डॉक्टर बाई माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी साहेबांना जर्मनमध्ये विचारलं, "हेर हुपरीकर, तुम्हाला काही माहीत आहे?"

आयुष्यभर बसून बोललेला तो माणूस उभा राहिला. कोटाचं बटण लावलं.  त्यांनी एक वाक्य जरी ऋतुराजच्या बाजूने उच्चारलं असतं तरी माझं काय खरं होतं? निवृत्त न्यायाधीश एकीकडे आणि आवाज चढवणारी पोरगी एकीकडे.

"दोन गोष्टी सांगतो," ते त्यांच्या इस्त्रीच्या जर्मनमध्ये म्हणाले. "पहिली. या वाक्याबद्दल फ्राउ शिंत्रे यांचं मत चुकीचं आहे, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं."

 अशा वेळीसुद्धा? अशा वेळीसुद्धा यांना तेच?

"दुसरी. त्यांनी ते मत बदललेलं नाही. आमची चर्चा झाली तेव्हा त्यांनी मतभेद नोंदवला, तो मी डोळ्यांनी पाहिला. नंतर श्री. बर्वे मला म्हणाले, की त्यांनी मान्य केलं. मला आश्चर्य वाटलं, कारण या बाई असं मान्य करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांना जाऊन विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही."  मग ऋतुराजकडे वळून मराठीत म्हणाले, "बर्वे, वेगळं मत पुसूनच टाकायचं असेल तर दोन वाचक ठेवता कशाला? मला एकट्यालाच दोनदा पगार द्या."

 डॉक्टर बाईंनी त्याचा अर्थ विचारला, आणि साहेबांनी तो शब्दाला शब्द जर्मनमध्ये सांगितला. काही सांभाळून घेतलं नाही.

"आमच्याकडे," डॉक्टर बाई सावकाश म्हणाल्या, "साध्या न्यायालयांत एखाद्या न्यायाधीशाचं मत वेगळं असलं तर ते बाहेर कळतही नाही. निकालपत्र सगळ्यांचं मिळून एकच."

"आमच्याकडे ते निकालपत्राला जोडतात," साहेब म्हणाले. "हवी तर ही सोय आमच्याकडून घ्या." आणि ते खाली बसले.

डॉक्टर बाईंनी ऋतुराजला इंग्रजीत विचारलं, "अशा आणखी किती खुणा बदलल्या?"

"फक्त जिथे सीनियर वाचकाचं मत स्पष्ट होतं, तिथे," तो म्हणाला.

"म्हणजे सगळीकडे," मी म्हणाले.

त्याने नाही म्हटलं नाही. डॉक्टर बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काजूकतलीला कोणी हात लावला नाही.

बाहेर पॅसेजमध्ये ऋतुराजने मला गाठलं. चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलेलं होतं. "एका वाक्यासाठी! अगं, एका फालतू वाक्यासाठी तू सगळ्या टीमचं नाक कापलंस. पुढचं काम गेलं तर कोणाच्या नोकऱ्या जातील, विचार केलास?"

"माझ्या नावावर खोटं लिहिताना तू केला होतास?"

"खोटं काय त्यात? नुसता रंग आहे तो!"

  मी तिथून निघाले ती जिना उतरून थेट पार्किंगमध्ये आले. हुपरीकर साहेब तिथे त्यांच्या जुन्या स्कूटरला किक मारत होते.

"सर," मी म्हणाले, "आभार मानायला आले."

"कसले? मी तुमच्या बाजूने बोललोच नाही. ते वाक्य कारणच आहे."

"नाही, सर!"

"पुढच्या गुरुवारी बोलू," ते म्हणाले, आणि स्कूटर सुरू झाली.

पुढचा गुरुवार आलाच नाही. विद्यापीठाने मूळ खुणा परत मागून घेतल्या. त्या द्याव्या लागल्या. पुढचा टप्पा दुसऱ्याच कंपनीला गेला. ज्यांनी जेवताना खुणा जुळवल्या होत्या ते सगळे मी दिसले की बोलायचे थांबायचे, जसं काही काम मीच घालवलं होतं. डब्याला माझ्या टेबलावर कोणी येईना. ऋतुराजला कंपनीने वरच्या जागेवर दुसऱ्या प्रोजेक्टला नेलं. केक आला होता. मी खाल्ला नाही.

मग मला एचआरच्या देवयानी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, जर्मनचं काम आता राहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही राजीनामा दिलात तर बरं. मसुदा तयारच होता. 'वैयक्तिक कारणास्तव मी हा राजीनामा देत आहे.'

"माझं काही वैयक्तिक कारण नाही," मी म्हणाले.

"अहो, सगळे असंच लिहितात. पुढच्या नोकरीला बरं पडतं."

"मी तुम्हाला काय झालं ते लिहून देते."

"ते आम्ही घेऊ शकत नाही."

"मग काढून टाका. पण का काढलं, ते लिहा."

त्यांना माझी खरोखरच कीव आली असावी. तीन ओळींचं पत्र आलं. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र मिळवायला मला कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. हुपरीकर साहेबांनी मात्र आपण होऊन काम सोडलं आणि त्यांच्या राजीनाम्याला, मी नंतर ऐकलं, अकरा मुद्दे होते. सगळ्यांना क्रमांक दिलेला.

त्यानंतर मी पुन्हा कुणाच्या हाताखाली खुणा केल्या नाहीत. आता मी जर्मन शिकवते. माझ्याकडे येतात त्या बहुतेक नर्स, जर्मनीतल्या हॉस्पिटलांत, वृद्धाश्रमांत नोकरीला निघालेल्या. नंदुरबारच्या, बीडच्या, चंद्रपूरच्या. पुस्तकात पहिला धडा असतो तो माझं नाव अमुक, मी तमुक गावची. मी तो दुसऱ्या दिवशी घेते. पहिल्या दिवशी फळ्यावर तीन वाक्यं लिहिते. मी एकटी होते. मी कळवलं होतं. हे मला लेखी द्या. आणि त्याखाली एकच शब्द, 'वारूम', म्हणजे 'का'.

गेल्या बॅचला नंदुरबारची जयश्री वळवी होती, बारीक आवाजाची. म्हणाली, "मॅडम, तिकडे जाऊन साहेब लोकांना असं 'का' विचारलं तर ते चिडणार नाहीत का?"

"चिडतील," मी म्हणाले.

"मग?"

"मग पुन्हा विचारायचं. म्हण बघू."

"वारूम," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही."

"वारूम?"

"शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे, जयश्री. उभी राहा."

ती उभी राहिली.